आजोबांच्या सोप्याच्या दारातून अकरा पेन: जमेल का?

शुक्रवार_पेठ (रविवार, रात्री 10:42)

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर गेल्या महिन्यात उतरवलं. 'पाडलं' म्हटलेलं आईला चालत नाही, म्हणून उतरवलं. मातीच्या भिंती, वर कौलं, सोप्यावर कडीपाट. पंचगंगा 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं सरकली की सामान माळ्यावर चढवायचं, हा आमच्या घरचा नियम. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं आणि सोप्यात छातीएवढं उभं राहिलं. 2021 ला परत तेच. भिंतींनी तेव्हाच हात टेकले होते, आम्हीच उगाच दिवस ढकलले.

तुळया आणि मोठी दारं जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटावर घेऊन गेला. मी तीन वस्तू मागं ठेवल्यात. सोप्याच्या दाराची एक फळी, सागवान, त्यात वाद नाही. स्वयंपाकघरावरचा एक वासा, काळाकुळकुळीत, चुलते शपथेवर सांगतात की शिसव आहे. आणि परड्यात कुजत पडलेल्या बैलगाडीच्या चाकाचा एक आरा, बाभळीचा.

आजोबा त्या दाराला पाठ टेकून बसायचे आणि गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. टाक, दौत, मांडीवर फळकूट. पैसे घ्यायचे नाहीत, पण कुणी भेंडी-गवारी आणून दिली तर नको म्हणायचे नाहीत. आम्ही चुलत, आते मिळून अकरा भावंडं. माझ्या डोक्यात आलं, त्या लाकडाचे अकरा पेन करून एकेकाला द्यावेत.

सुतारकामाचा अनुभव: एक स्टूल, तेही डुगडुगतं. कुणी हे केलंय का? लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, विकत घ्यावं लागतं का? आणि करायचाच तर शाईचा करावा की बॉलपेन?

तांबडा_पांढरा

नाद खुळा! रुमाल टाकून ठेवतोय.

सदाशिव_पेठ_30

भावना पोचल्या. पण हिशेब करा. लेथ, पटाश्या, पेनाची किट, शिवाय तुमचे रविवार. कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयांना पेन मिळतो आणि तो लिहितोही.

तांबडा_पांढरा

दोन पेठा एका धाग्यावर. आता बघा मजा.

पटाशी_इचलकरंजी

मी पाचेक वर्षं पेन कातोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

सगळ्या उद्योगाचं गुपित असं की पेनातला पेन तुम्ही करतच नाही. टोक, क्लिप, फिरवायचा खटका हे सगळं किटमध्ये तयार येतं, सोबत पितळी नळ्या. आपण फक्त त्या नळ्यांना लाकडाचा अंगरखा शिवायचा. सगळ्यात साध्या बारीक किटला 7 मिमीची नळी लागते.

फळीतून 20 मिमी चौरस, साधारण 13 सेंमी लांब असा ठोकळा काढ. तो मधोमध कापून दोन तुकडे करायचे, पण कापायच्या आधी एका अंगावर पेन्सिलीनं लांब रेघ ओढून ठेव. ही रेघ म्हणजे लाकडाची जन्मपत्रिका. नंतर जोडताना रेघ जुळली की वरच्या तुकड्यातली रेषा खालच्या तुकड्यात तशीच उतरते. मी पहिल्या पेनाला रेघ ओढली नव्हती. तो पेन अजून दोन वेगवेगळ्या झाडांचा वाटतो.

मग भोक. इथं नव्वद टक्के लोकांचा घात होतो. घाई केली की लाकूड तापतं, आणि ड्रिल पलीकडं निघताना ढलपी उडते. दर सेंटिमीटरला ड्रिल मागं घ्यायचं, भुसा झटकायचा, पुन्हा आत. ठोकळा सेंटिमीटरभर जास्त लांब ठेवायचा, भोक आरपार पाडायचं नाही, न भोकलेलं टोक मागाहून करवतीनं उडवायचं.

नळी बाहेरून पॉलिश पेपरनं खरवडून घे, नाहीतर चिकट धरत नाही. सागवान तेलकट असतं, भोकाच्या आत अ‍ॅसिटोनचा बोळा फिरव. फेव्हिक्विकच्या मोहात पडू नको. नळी अर्ध्यात गेली की तिथंच बसते, आणि मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. दोन ट्यूबांचं इपॉक्सी घे, म्हणजे अ‍ॅरल्डाइटसारखं, रात्रभर ठेव. आणि नळीच्या आत चिकट जाऊ नये म्हणून नळीचं तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबायचं. बटाट्याचं बूच बसतं. सुकल्यावर टोचून काढायचं.

यानंतर दोन्ही टोकं नळीला काटकोनात सपाट करायची, बारीक सळईवर बुशांच्या, म्हणजे पेनाच्या जाडीच्या धातूच्या कड्यांच्या, मधे चढवायचं, आणि कातायला घ्यायचं. गोल पटाशीनं चौकोनाचा गोल, तिरक्या पटाशीनं शेवटचा हात. बुशाच्या बरोबरीला आलं की थांब. इथं हौस करू नको, पितळ दिसायला लागतं.

तांबडा_पांढरा

बटाटा पेनात घातल्यावर वड्यात काय घालायचं?

पटाशी_इचलकरंजी

तू तुझा कट सांभाळ.

उद्यमनगर_लेथ

भावा, लेथ कशाला इकत घेतोस. आपलं वर्कशॉप हाय उद्यमनगरात, रविवारी बंद असतंय. ये घेऊन. लोखंडाचं लेथ हाय पण चकात काय बी धरतंय. मागं एका पोरानं आमच्याकडं क्रिकेटचं स्टंप कातलं. फकस्त एक हाय, लाकडाचा भुसा कूलंटमधी, म्हंजी गार करायच्या पाण्यात, गेला की लापशी हुतीया. त्या पोरानं जाताना झाडलं न्हाई, सोमवारी मालकानं माझी हजामत केली.

पटाशी_इचलकरंजी

भारी ऑफर आहे, पण एक लक्षात ठेवा. त्या लेथवर पटाशी हातात धरायची नाही, टूलपोस्टमध्ये, म्हणजे लेथच्या हत्यार धरायच्या पकडीत, बसवूनच काम करायचं. शिवाय वेग कमी. एवढ्या बारीक लाकडाला मी मिनिटाला 2000 ते 2500 फेरे ठेवतो. जुनं लोखंडी लेथ 1000-1200 ला धापा टाकतं. कमी वेगात रेशा तुटत नाहीत, उपटल्या जातात. चालेल, पण पॉलिश पेपर जास्त घासावा लागेल. आणि हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, कधीच. मोजा अडकला की त्याच्यामागं हातही आत ओढला जातो.

मोती_तलाव

सावंतवाडीहून. तुम्ही सगळे लेथ-लेथ करताय, कातारी नावाचा माणूस कुणाला आठवला नाही? लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे कळस हे सगळं तो करत आला. आमच्याकडची लाखेची खेळणी कातावरच, म्हणजे काताऱ्याच्या देशी लेथवरच, होतात. लाकूड फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घासून लाख तापते, वितळते आणि अंगावर चढते. मग केवड्याच्या पानानं घोटायचं. ब्रश नाही, वार्निश नाही. कोल्हापुरातही एखादा जुना कातारी अजून असेल, महाद्वार रोडच्या आतल्या बोळांत लाटणी-पोळपाटवाल्यांकडे चौकशी करा.

शुक्रवार_पेठ

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सदाशिव_पेठ_30 यांना: दहा रुपयांचा पेन आमच्याकडंही मिळतो, पण त्याला आमचे आजोबा टेकले नव्हते.

दाराच्या फळीवर हिरव्या ऑइलपेंटचे तीन-चार थर आहेत. खाली लाल, त्याखाली पिवळा. हे थेट पॉलिश पेपरनं घासून काढू का?

मिरजेची_डॉक्टरीण

थांबा! घासू नका.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत तर हमखास. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली ती 2017 च्या अखेरीस. तुमच्या दाराचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. घासलं की त्याची धूळ होते आणि घरात लहान मूल असेल तर ती थेट त्याच्या पोटात. रंग ओला करून खरवडा, किंवा त्याहून सोपं, रंगाची बाजू करवतीनं पातळ कापून टाका आणि आतलं लाकूड वापरा. खरवडलेलं चुलीत घालू नका.

दुसरं, लाकडाचा भुसा. कडक लाकडांची बारीक धूळ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1995 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे, नाकाच्या कर्करोगासाठी. एका पेनानं काही होत नाही, पण सवय चांगली लावा. रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्क घ्या. सागवान आणि शिसव दोन्हींनी काही जणांच्या कातडीवर पुरळ उठतं. माझ्याकडे एक सुतार वर्षानुवर्षं 'उन्हाळी' म्हणून पावडर लावत होता. ती उन्हाळी फक्त सागवानाच्या ऑर्डरला उठायची.

शुक्रवार_पेठ

बरं झालं विचारलं. पुतण्या चार वर्षांचा आहे, आणि भुसा दिसला की त्यात लोळतो.

गगनबावडा_घाट

मला त्या वाशाचं पटेना. स्वयंपाकघरावर वाशाला शिसव कोण घालील? शिसव मिळालं की माणूस पलंग करतो, झोपाळा करतो, नाहीतर मुलीच्या लग्नात कपाट करतो. धुरावर ठेवत नाही. चुलीच्या वर पन्नास-साठ वर्षं काढली की कुठलंही लाकूड शिसव होतंय, काजळी आणि फोडणीचं तेल मुरून. टोकाला दोन बोटं कापून बघ. शिसव आतून जांभळट तपकिरी, काळ्या रेघा. सागवान कापलं की जुन्या चामड्यासारखा वास येतो. ऐन असेल तर गडद तपकिरी आणि जड. माझा पैसा फणसावर.

सांगलीवाडी

फणसावर पैसा लावणारा पहिला माणूस पाहिला.

शुक्रवार_पेठ (बुधवार)

गगनबावडा_घाट, तुमचा पत्ता द्या, पेढे पाठवतो.

काल रात्री टोक कापलं. वर दोन मिमी काळा थर, आणि आत हळदीसारखं पिवळंधमक. चुलत्यांना फोटो दाखवला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कुणीतरी बदलला असणार."

तांबडा_पांढरा

वासा बदलणारी टोळी पकडलीच पाहिजे.

गगनबावडा_घाट

पेढे नकोत, पेन द्या. फणसाचा हा पिवळा असाच राहत नाही बरं का. उजेडात हळूहळू मधासारखा आणि मग तपकिरी होतो. याच लाकडाच्या गाभ्याच्या काढ्यात ब्रह्मदेश-थायलंडकडं भिक्खू आपली चीवरं रंगवत आलेत. दक्षिणेतला मृदंग फणसाचा असतो. शिसव नाही म्हणून नाराज होऊ नकोस, पेनाला हे जास्त गोड.

ऑस्टिनकर_पाटील

शिसव नाही हे एका परीनं बरंच झालं. मी ऑस्टिनला आहे आणि त्या अकरांपैकी कुणी परदेशात असेल तर सांगतो, शिसवीचं सगळं कुळ 2017 पासून सायटीस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. 2019 मध्ये तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सूट मिळाली, म्हणजे एका पेनाला अडचण नसावी, पण कस्टम्सच्या माणसाला 'हा आमच्या स्वयंपाकघराचा वासा आहे' हे इंग्रजीत समजावून बघा. मी एकदा पोळपाट आणला होता. अर्धा तास गेला.

सदाशिव_पेठ_30

मी परत आलोय, कारण विषय गंभीर आहे. जुने वाडे उतरले की कोरीव खांब, हत्तीच्या सोंडेचे टेकू, पानाफुलांच्या चौकटी यांचे तुकडे होऊन पेन आणि की-चेन झालेल्या मी पुण्यात पाहिल्या आहेत. 'हेरिटेज वूड' असं लेबल, किंमत चार आकडी. दोनशे वर्षं टिकलेली तुळई अजून दोनशे टिकली असती. तिचे पेन करणं म्हणजे पैठणीचे पायपुसणे. तुमच्याबद्दल नाही म्हणत, पण या कौतुकात तेही होतंय.

पटाशी_इचलकरंजी

इथं मात्र शंभर टक्के सहमत. मी स्वतः कोरीव तुकड्याला करवत लावत नाही. चार फुटांच्या वर सरळ लाकूड असेल तर ते टेबलाला जावं, दाराला जावं. पेन हा तुकड्यांचा धंदा आहे. कुजलेल्या टोकातून, खिळ्यांच्या मधल्या चार इंचांतून काढायची ही वस्तू.

शुक्रवार_पेठ

मान्य. आमच्याकडं कोरीव काही नव्हतंच, गरिबाचं घर. दाराची फळी खालून हातभर पुरानं पोचट झालीय. व्यापाऱ्यानं म्हणूनच सोडली.

त्यावरून एक शंका. फळीत जिथं खिळे होते तिथं भोवती निळसर काळे डाग आहेत, रुपयाएवढे. बाभळीच्या आऱ्याला धावेचं लोखंड टेकत होतं तिथं तर लाकूड शाई सांडल्यासारखं काळं आहे. हे कुजलेलं आहे का? काढून टाकू?

शाईचा_डाग

अहो काढताय काय! तुम्ही नकळत अगदी बरोबर शब्द वापरलात. ती शाईच आहे.

मी रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. लाकडात टॅनिन असतं, बाभळीत भरपूर, सागवानात कमी. ओल लागली, खिळ्याचं लोखंड विरघळलं, टॅनिनला भेटलं की निळं-काळं संयुग तयार होतं. आपल्या लोकांची हिरडा आणि हिराकसाची शाई नेमकी हीच. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. युरोपात हिरड्याच्या जागी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत, बाकी कृती तीच. तुमच्या आजोबांच्या दौतीत काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांच्या पाठीमागच्या दारात खिळ्यांनी सत्तर-ऐंशी वर्षं शाई केली आहे.

आणि हे टॅनिन कोल्हापूरला नवं नाही. आपल्या चपलेचं कातडं कशात कमावतात? बाभळीची साल आणि हिरडा. चांभार लोक कच्च्या कातड्याजवळ लोखंड येऊ देत नाहीत ते याच डागासाठी.

अवांतर: शाईवरून आठवलं. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत 'हॉर्स' छापाची शाईची पूड सुरू केली, तेच पुढे कॅम्लिन. आमच्या शाळेत ती पूड पाण्यात कालवून वर्गात वाटायचे आणि ज्याच्याकडे वाटपाचं काम तो दिवसभर निळा. त्याच दशकात तिकडे आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेवर हातानं कातलेले एबोनाइटचे पेन करायला घेतले. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. शाईला ते दाद देत नाही, लाकूड देतं. म्हणून लाकडाच्या पोटात थेट शाई भरायचा पेन करू नका, चार दिवसांत बाहेर घाम येईल. शाईचाच हवा असेल तर कन्व्हर्टरवालं, म्हणजे शाई भरायची वेगळी नळी असलेलं, किट घ्या. आटे धातूचेच हवेत, लाकडाचे आटे झिजतात, तडकतात.

सांगलीवाडी

मास्तर, हा तास पुढं चालू द्या. घंटा देऊ नका.

उद्यमनगर_लेथ

खिळ्याचं डाग ऱ्हाऊ दे पर खिळं ऱ्हाऊ देऊ नको. करवत घालायच्या आदी चुंबक फिरीव. मोडलेला खिळा लाकडात दडून बसतोय आनि पटाशी लागली की ठिणगी उडतीया. आमच्याकडं ब्लेड गेलंय एक.

शुक्रवार_पेठ (दोन रविवारांनंतर)

अहवाल.

उद्यमनगर_लेथ यांच्याकडं गेलो. माणूस देव आहे. मी जायच्या आधी त्यांनी कूलंटच्या ट्रेवर जुन्या निवडणुकीचा फ्लेक्स अंथरून ठेवला होता, कुणाचा ते सांगत नाही.

पहिला ठोकळा: भोक पाडताना फुटला. आरपार पाडू नको हे वाचलं होतं, तरी पाडलं.

दुसरा: बटाटा वगैरे सगळं केलं, पण अ‍ॅरल्डाइट संपलं म्हणून फेव्हिक्विक लावलं. नळी अर्ध्यात बसली. ब्रह्मदेव आले नाहीत.

तिसरा कातायला चढला. पटाशी लावली तर कर्रर्र असा आवाज, जसं दाताखाली वाळूचा कण यावा. खिळा वाटला. बंद करून भिंगातून बघितलं तर सागवानाच्या रेषांच्या बारीक भोकांत करडी माती भरलेली. पुराची. टाचणीनं उकरली आणि ओल्या बोटानं चोळली तर अगदी तीच, भांड्यांना, पुस्तकांना, फोटोंच्या मागं लागलेली ती. पटाशीची धार दहा मिनिटांत गेली. उद्यमनगरवाल्यांनी काही न बोलता ग्राइंडरवर लावून दिली, असं चार वेळा.

तिसरा पेन झाला. पॉलिशचं अडलंय. चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावू की फेव्हिक्विकचे थर देतात ते करू? यूट्यूबवर सगळे तेच करताना दिसतात.

पटाशी_इचलकरंजी

पेपर 150 पासून सुरू करून 600 पर्यंत ये. शेवटी लेथ बंद करून हातानं रेषेच्या दिशेनं घास, नाहीतर गोल ओरखडे पॉलिशखाली चमकतात. मग फेव्हिक्विकसारखा पातळ चिकट, आठ-दहा थर. काचेसारखं होतं, घामाला, पाण्याला दाद देत नाही. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेव.

मोती_तलाव

आणि मग हातात काय येतं? प्लास्टिक. आत लाकूड आहे हे फक्त दिसतं, लागत नाही. एवढं आजोबांचं दार म्हणायचं आणि त्याला काचेच्या पेटीत बंद करायचं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फिरत्या लाकडावर चिंधीनं दे, वर मेणाचा हात. वर्षाला एकदा पुन्हा मेण. झिजेल, डागाळेल. मग झिजू दे की.

पटाशी_इचलकरंजी

कोल्हापूरच्या उन्हाळ्यात घामट हातात चपडा सहा महिने टिकत नाही. पांढरा पडतो.

मोती_तलाव

कोकणातल्या घामावर बोलू नका, आम्ही त्यात पोहतो.

मिरजेची_डॉक्टरीण

अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते. अकरा भावंडं आहेत, वर्षानं निकाल कळेल.

तांबडा_पांढरा

बाई, हा खरा वैद्यकीय प्रयोग झाला. फक्त भावंडांना सांगू नका कोण कुठल्या गटात.

ऑस्टिनकर_पाटील

किट मागवताना रिफिल बघून घ्या. त्या बारीक किटला बहुधा क्रॉस पद्धतीची रिफिल लागते, ती गावात शोधत बसावी लागते. पार्कर पद्धतीची घेणारं किट घेतलंत तर रिफिल कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. माझ्याकडे भाच्यानं दिलेला एक सुंदर लाकडी पेन आहे, तीन वर्षं ड्रॉवरमध्ये. रिफिल संपल्या दिवसापासून.

सदाशिव_पेठ_30

हा धाग्यातला सर्वात उपयुक्त प्रतिसाद. (दहा रुपयांच्या पेनाला रिफिलची चिंता नसते हे नम्रपणे नमूद करतो.)

शुक्रवार_पेठ (दीड महिन्यानं)

सात झाले. चार बाकी. पाच दाराचे, दोन फणसाचे. किट पार्कर रिफिलवालं घेतलं. त्याची नळी जाड निघाली, आठेक मिमीची, म्हणून ड्रिल नवं आणावं लागलं. चार चिकटाचे, तीन चपड्याचे, कुठला कुणाला ते डॉक्टरीणबाईंना कळवीन. एका पेनावर खिळ्याचा डाग अगदी क्लिपच्या खाली आलाय. तो मुद्दाम मास्तरांसाठी फोटो काढून ठेवलाय. तो मी स्वतःला ठेवणार होतो.

परवा थोरल्या आत्या आल्या होत्या, वय 81. त्या अकरांत नाहीत, पण आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन फिरवून बघितला, नाकाला लावला. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. म्हणाल्या, "हे दार पावसाळ्यात अडकायचं रे. खालून रंधा मारून घ्या म्हणून मी चार वर्षं सांगत होते, दादांनी ऐकलं नाही."

मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतःचं नाव लिहून बघितलं, माहेरचं. पेन परत दिलाच नाही, पर्समध्ये टाकला. डागवालाच होता तो.

म्हणजे आता बारा करायचेत.

शाईचा_डाग

फोटो तरी टाका.

गगनबावडा_घाट

तेरा. माझा फणसाचा विसरू नका, पैज जिंकलोय.

सांगलीवाडी

आणि बाभळीच्या आऱ्याचं काय झालं? त्याचा विषयच निघाला नाही पुन्हा.

शुक्रवार_पेठ

लावून बघितला. दगड आहे दगड. ड्रिल निळं पडलं, भोक दोन सेंमी गेलं आणि धूर निघाला. मन होत नाही टाकायचं, जिन्याखाली ठेवलाय.

उद्यमनगर_लेथ

त्याला कार्बाइडचं ड्रिल लागतंय. हाय माझ्याकडं. रविवारी ये घेऊन, फ्लेक्स हातरून ठिवतो. आनि येताना तुझ्या आत्तीला इच्यार, दाराच्या कडीचा आवाज कसा यायचा. आमच्या घरचं बी पुढच्या वर्षी उतरवायचं ठरलंय.